आई-बाबांना घेऊन रॉकी माउंटन आणि डेन्व्हर : आमचं प्लॅनिंग कसं झालं

कोलोराडोला जायचं ठरलं की सगळे आधी विमान बघतात, मग हॉटेल बघतात. आम्ही सगळ्यात आधी उंची बघितली, आणि घरातलं पासष्टीच्या पुढचं कुणी बरोबर असेल तर सुरुवात तिथूनच करावी असं माझं ठाम मत झालंय. २०२५ मध्ये आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे डॅलसला आले होते, बाबांना बीपीची गोळी चालू, आईचे गुडघे दुखणारे, आणि दोघांनाही "एकदा बर्फाचे डोंगर जवळून बघायचेत" ही एकच इच्छा. डॅलस म्हणजे सपाट, समुद्रसपाटीपासून पाच-सातशे फुटांच्या आत. आणि रॉकी माउंटन नॅशनल पार्कातला जो प्रसिद्ध रस्ता आहे, ट्रेल रिज रोड, त्याचा सगळ्यात उंच बिंदू १२,१८३ फूट. लेह साधारण साडेअकरा हजारावर आहे, म्हणजे त्याच्याहीपेक्षा वर, आणि तिथं गाडीनं काही तासांत पोचता येतं. सोपं दिसतं म्हणूनच काळजी घ्यायला लागते.

मी एका कागदावर नुसत्या उंच्या लिहून काढल्या. डेन्व्हर ५,२८०. रेड रॉक्स साधारण ६,४५०. एस्टेस पार्क (हे गावाचं नाव आहे, पार्क नाही) ७,५२२. बेअर लेक ९,४७५. ट्रेल रिज १२,१८३. तो कागद बघितल्यावर सगळी ट्रिप जिन्यासारखी समोर दिसली, एकेक पायरी चढत जायचं आणि प्रत्येक पायरीवर थोडं थांबायचं. बाबांना फोनवरच सांगितलं होतं की डेन्व्हर शहर जवळजवळ कळसूबाईच्या उंचीवर आहे, कळसूबाई ५,४०० फूट, तर त्यांना ते इतकं आवडलं की सोसायटीत सगळ्यांना सांगून आले. पण त्यातली खरी गोष्ट ही की जिथं आपला महाराष्ट्र संपतो तिथून ही ट्रिप सुरू होते, वर अजून जवळजवळ सात हजार फूट बाकी.

त्यामुळे पहिला निर्णय झाला, शहर आधी आणि डोंगर नंतर. बरेच लोक उलटं करतात, विमानतळावरून गाडी घेऊन थेट एस्टेस पार्क गाठतात आणि परतीच्या दिवशी डेन्व्हर उरकतात. तरुण पोरं असतील तर चालतंय. पण वयस्कर माणसांना डेन्व्हरमध्ये आधी राहू द्यावं, शरीराला जरा सवय होते, झोप लागते, भूक कशी आहे ते कळतं, आणि काही वाटलंच तर मोठी हॉस्पिटलं हाताशी असतात.

दुसरा प्रश्न तारखेचा. जुलै-ऑगस्टमध्ये तिथं दुपार झाली की ढग जमतात आणि विजा पडतात, झाडांची हद्द जिथं संपते (साधारण ११,४०० फूट) त्याच्या वर उघड्यावर असणं धोक्याचं, म्हणून सगळे सांगतात की दुपारच्या आत खाली या. जूनमध्ये वरच्या पायवाटांवर बर्फ असतो. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ट्रेल रिज रोड बंदच होतो, तो पुढच्या मे अखेरीपर्यंत. उरला सप्टेंबर. हवा त्यातल्या त्यात स्थिर, अ‍ॅस्पेनची झाडं पिवळी व्हायला लागतात आणि एल्कचा (हे तिथलं मोठं हरीण) माजाचा हंगाम असतो. पण आमच्याकडे कॅलेंडर दुसरं पण होतं ना. २७ ऑगस्टला गणपती, मग अनंत चतुर्दशी, मग पितृपक्ष, आणि २२ सप्टेंबरला घटस्थापना. आईचं म्हणणं की आजोबांची तिथी घरी झाल्याशिवाय बाहेर पडायचं नाही आणि घट बसायच्या आत घरी यायचं. नवऱ्यानं ऑफिसचे दिवस बघितले, लेकीच्या शाळेशी बोलून झालं, आणि तिथी ते घटस्थापना यांच्या मधलेच दिवस निघाले, तेही आठवड्याचे मधले वार. शनिवार-रविवार टाळला हे फार बरं झालं, कारण सप्टेंबरमधल्या वीकेंडला एल्क बघायला अख्खं डेन्व्हर वर येतं असं तिथं राहणाऱ्या मैत्रिणीनं आधीच सांगितलं होतं.

आता परमिट. ह्याच्यावर मी जरा सविस्तर लिहिते, कारण इथंच लोक गोंधळतात. ह्या पार्कात २०१९ साली ४६ लाखांवर लोक आले होते, रस्ते आणि पार्किंग पार तुंबायला लागलं, मग २०२० पासून वेळेचं परमिट सुरू झालं. मे अखेर ते ऑक्टोबर मध्य एवढ्या काळात ते लागतं. दोन प्रकार आहेत. एक साधं, त्यात बेअर लेक रोड सोडून बाकी पार्क, आणि त्याची गरज सकाळी ९ ते दुपारी २ मध्ये आत शिरणाऱ्यांनाच. दुसरं बेअर लेक रोडसकट, ते पहाटे ५ ते संध्याकाळी ६ लागतं. दोन्ही दोन-दोन डॉलर, माणशी नाही तर गाडीमागे, आणि पार्कची प्रवेश फी वेगळी. परमिटवर दोन तासांचा स्लॉट असतो, त्या वेळात गेटमधून आत शिरायचं, एकदा आत गेलं की कितीही वेळ थांबा, कुणी विचारत नाही.

पुढच्या महिन्याची परमिटं आधीच्या महिन्याच्या १ तारखेला सकाळी ८ वाजता सुटतात, तेही माउंटन टाइम, म्हणजे आमच्या डॅलसला ९. सप्टेंबरसाठी १ ऑगस्ट, शुक्रवार. आदल्या रात्री मी रिक्रिएशन डॉट गव्ह ह्या सरकारी साइटवर खातं उघडून कार्ड सेव्ह करून ठेवलं, गाडी भाड्याची होती आणि तिचा नंबर कुठला येणार ते माहीत नव्हतं, पण परमिट माणसाच्या नावावर असतं आणि गेटवर ओळखपत्र दाखवलं की झालं. नवरा एका लॅपटॉपवर, मी दुसऱ्या. बाबा मागं चहा घेऊन उभे, त्यांना हे सगळं अजिबात नवीन वाटलं नाही, म्हणाले, "कासला पण आता फुलांच्या सीझनला ऑनलाइन बुकिंग करावंच लागतं की, नाहीतर लोक फुलं तुडवून टाकतात." अगदी तेच कारण इथं पण आहे.

बेअर लेकचा सकाळचा स्लॉट मिळाला. ट्रेल रिजसाठी आम्ही परमिट काढलंच नाही, कारण ९ च्या आत गेट ओलांडायचंच ठरलं होतं, वयस्कर माणसं पहाटे साडेचारला उठूनच बसलेली असतात त्याचा इथं खरंच फायदा होतो. ज्यांना पहिल्या तारखेला मिळत नाही त्यांच्यासाठी काही परमिटं राखून ठेवलेली असतात, ती आदल्या दिवशी संध्याकाळी ७ ला सुटतात. पण आई-बाबांना घेऊन जाताना आदल्या संध्याकाळवर अवलंबून राहणं माझ्या जिवाला झेपलं नसतं.

फीबद्दल एक सांगते. आम्ही गेलो तेव्हा गाडीला एका दिवसाचे ३० आणि सात दिवसांचे ३५ डॉलर होते, अर्थात सात दिवसांचा पास घेतला. ज्येष्ठांचा जो स्वस्त पास आहे तो फक्त इथल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतो, व्हिजिटर व्हिसावरच्या आई-वडिलांना नाही. आणि २०२६ पासून अकरा मोठ्या पार्कांमध्ये, त्यात हे पण आलं, अमेरिकेबाहेरून आलेल्या १६ वर्षांवरच्या पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जादा लावलेत. भारतातून पालक येणार असतील तर बजेट करताना हे आधी बघून घ्या, दोघांचे दोनशे म्हणजे केबिनचं एका रात्रीचं भाडं झालं.

केबिन शोधताना फोटोंवर जाऊ नका. एस्टेस पार्कमधल्या खूप केबिन उतारावर आहेत, फोटोत मस्त डेक दिसतो, मागं डोंगर दिसतो, पण गाडी लावल्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या हे कुठंच लिहिलेलं नसतं. मी प्रत्येक मालकाला मेसेज टाकून तेवढं एकच विचारलं. जी आम्हाला सगळ्यात आवडली होती तिला बावीस पायऱ्या निघाल्या, सोडून दिली. शेवटी नदीकाठची एक बैठी मिळाली, बेडरूम-बाथरूम सगळं तळमजल्यावर, किचन होतं. किचन आम्हाला हवंच होतं, आई बाहेरचं दोन दिवस खाते आणि तिसऱ्या दिवशी तिला भात लागतो.

आता ह्यात पण उंची येतेच. साडेसात हजार फुटांवर पाणी ९२ अंशाच्या आसपास उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायचं नाव घेत नाही. म्हणून आईचा तीन लिटरचा छोटा कुकर चेक-इन बॅगेत, त्याच्या आत डाळ-तांदळाच्या पिशव्या, मसाल्याचा डबा, मेतकूट. बाहेर खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी डॅलसहून करून नेली. पार्कात आत खायची सोय जवळजवळ नाही, वर अल्पाइन व्हिजिटर सेंटरपाशी एक कॅफे तेवढा आहे. पेट्रोल पंप तर एकही नाही, टाकी एस्टेस पार्कलाच भरून घ्यायची. आणि रात्री गाडीत खाण्याचं काही ठेवायचं नाही, तिथली अस्वलं गाडीचं दार उघडतात.

साताऱ्याच्या आमच्या डॉक्टरांशी व्हिडिओ कॉल केला, हे तिकिटं काढायच्या आधी. त्यांनी बाबांचे जुने रिपोर्ट बघितले आणि हो म्हणाले, पण हळूहळू चढा, पाणी भरपूर, पहिल्या दिवशी दमायचं नाही, आणि डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं तर गोळी घेऊन बसून राहायचं नाही, खाली उतरायचं. हे शेवटचं मी सगळ्यांना पाठ करायला लावलं. बारा हजारावर प्रत्येक श्वासात ऑक्सिजन साधारण एक तृतीयांशानं कमी मिळतो, त्यात कसलाही हट्ट नको. कोविडच्या काळातला ऑक्सिमीटर घेतला. आई-बाबांच्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये जुना आजार अचानक बळावला तर खर्च मिळतो का, तेही कागद काढून परत वाचलं.

डेन्व्हरला उतरल्यावर लगेच गाडी घेतली नाही. विमानतळ शहरापासून लांब आहे, पण तिथून थेट ट्रेन आहे, ३७ मिनिटांत युनियन स्टेशन, तिकीट १० डॉलर. डाउनटाउनमध्ये हॉटेलचं पार्किंग रोजचं इतकं महाग की उभ्या गाडीचे पैसे भरण्यात अर्थ नव्हता. युनियन स्टेशनची आताची मुख्य इमारत १९१४ ची, आत मोठा हॉल, सोफे, कॉफी, आई तिथं तासभर आरामात बसली. दुसऱ्या दिवशी कॅपिटॉल, म्हणजे कोलोराडो राज्याचं विधानभवन. त्या इमारतीच्या पायऱ्यांवर "समुद्रसपाटीपासून एक मैल" अशा तीन खुणा आहेत, आधी पंधराव्या पायरीवर कोरली, मग १९६९ मध्ये परत मोजलं तर ती अठरावी निघाली, आणि २००३ मध्ये आणखी नीट मोजलं तेव्हा तेरावी. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, लेव्हल मोजण्यात आयुष्य गेलेलं, त्यांनी तिन्ही पायऱ्यांवर उभं राहून फोटो काढून घेतले आणि नातीला बेंचमार्क (उंची मोजायची पक्की खूण) म्हणजे काय ते तिथंच बसून समजावलं. पायऱ्या सावकाश चढायच्या, मधे थांबायचं, पाणी प्यायचं, ह्याची सवय पण इथंच लागली. ऊन फार लागतं तिथं, हवा गार असली तरी, टोप्या आणि सनस्क्रीन पहिल्या दिवसापासून.

मग गाडी घेतली आणि सरळ एस्टेस पार्कला न जाता आधी रेड रॉक्स. दोन प्रचंड तांबड्या खडकांच्या मधे बांधलेलं उघडं नाट्यगृह, १९४१ मध्ये सुरू झालेलं. कार्यक्रम असेल त्या दिवशी ते दुपारीच पर्यटकांना बंद करतात म्हणून तारीख बघून सकाळी गेलो. आईला खालून चढायला लावायचं नव्हतं, वरच्या बाजूच्या पार्किंगला गाडी लावली, तिथून बसल्या बसल्या सगळं दिसतं. ही आमची ६,४५० ची पायरी. तिथून गोल्डन, बोल्डर, लायन्स करत संध्याकाळच्या आत एस्टेस पार्क, आणि त्या दिवशी दुसरं काहीही करायचं नाही असं लिहूनच ठेवलं होतं. मुगाची खिचडी, लवकर झोप.

बेअर लेकच्या दिवशी आम्ही आधी स्प्रेग लेकला थांबलो. नाव कमी ऐकू येतं पण गुडघेदुखीवाल्यांना ह्याच्यासारखी जागा नाही, तळ्याभोवती सपाट वाट, व्हीलचेअरपण जाते, समोर पाण्यात अख्खी डोंगररांग. आईनं पूर्ण फेरी मारली, मधे बाकांवर बसत बसत. मग बेअर लेक, तिथंही काठावर बसून राहिली तरी समाधान होतं. नवरा आणि मुलगी पुढं ड्रीम लेकपर्यंत चालून आले, पुढचं एमराल्ड लेक १०,११० फुटांवर, पण मुलगी दमली होती म्हणून ड्रीम लेकवरूनच परतले. मी आई-बाबांबरोबर थांबले, हे पण आधीच ठरलेलं होतं, रोज एकानं थांबायचं आणि दुसऱ्यानं फिरायचं, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना आपल्यामुळे पोरं अडकली असं वाटत नाही.

एल्कसाठी संध्याकाळी सगळे मोरेन पार्कला पळतात. पण मोरेन पार्क बेअर लेक रोडवर येतं, म्हणजे ६ वाजेपर्यंत ते दुसरं परमिट लागतं. त्यापेक्षा फॉल रिव्हर गेटनं आत जाऊन हॉर्सशू पार्क, तिथं २ नंतर परमिटच नको, आणि एल्क तेवढेच. मोठा नर मान वर करून जो ओरडतो तो आवाज त्या अंगाचा वाटतच नाही, बारीक, उंच, शिट्टीसारखा, आणि मग लांबून दुसरा उत्तर देतो. ७५ फुटांच्या आत जायचं नाही असा नियम आहे, मूस (आणखी एक मोठं हरीण) आणि अस्वलासाठी १२० फूट, आणि ह्या हंगामात संध्याकाळपासून सकाळपर्यंत कुरणात उतरायलाच बंदी. आम्ही गाडीपाशीच उभे राहिलो. आईनं शाल गुंडाळून अंधार पडेपर्यंत बघितलं, तिला उठवावंसंच वाटत नव्हतं.

ट्रेल रिज मुद्दाम शेवटी ठेवला होता. पहाटे सगळ्यांचा ऑक्सिमीटर, डोकं दुखतंय का विचारणं, आणि कुणी एकानं जरी हो म्हटलं तर जायचं नाही हे पक्कं. परमिट, नकाशे सगळं आधीच फोनमध्ये उतरवून घेतलं कारण आत नेटवर्क येत नाही. हा रस्ता १९३२ मधला, एस्टेस पार्क ते पलीकडचं ग्रँड लेक गाव ४८ मैल, त्यातले ११ मैल झाडांच्या हद्दीच्या वर. त्याच्याही कितीतरी आधी यूट आणि अरापाहो लोक ह्याच धारेवरून ये-जा करायचे. कडेला कठडे जवळजवळ नाहीत, ज्यांना दरीचं भय वाटतं त्यांना जाताना डाव्या बाजूला बसवा. झाडं आधी खुजी होतात, मग वाकडी, मग संपतातच, आणि पुढं नुसतं टुंड्रा, सप्टेंबरमध्ये गवत आणि बारकी पानं लालसर झालेली. तिथं झाडोऱ्याला वाढायला वर्षातले जेमतेम चाळीस दिवस मिळतात, एक पाऊल पडलं तर भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. बाबांना कासचं पठार आठवलं, आणि एक मुलगा फोटोसाठी आत उतरत होता त्याला त्यांनी हात करून मागं बोलावलं, तो पण लगेच आला.

अल्पाइन व्हिजिटर सेंटरला, ११,७९६ फुटांवर, गरम काहीतरी घेऊन थोडं बसलो आणि पुढं मिल्नर पास ह्या खिंडीत उतरलो. इथून खंडाची पाणवाट जाते. पूर्वेकडं पडलेलं पाणी शेवटी मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात, पश्चिमेचं कोलोराडो नदीत, आणि ती नदी ह्याच पार्कात उगम पावते. पाटीखाली उभं राहून बाबा म्हणाले, "हे महाबळेश्वरच झालं, कृष्णा तिकडं बंगालच्या उपसागराला आणि सावित्री इकडं अरबी समुद्राला." मग बराच वेळ त्यांनी कुठलं पाणी कुठल्या धरणात अडवलंय ते विचारलं आणि मी गाडीत परत नेटवर्क आल्यावर शोधून सांगत बसले. आम्ही ग्रँड लेकपर्यंत गेलो नाही, तिथून परत फिरलो. त्या बाजूला २०२० च्या ईस्ट ट्रबलसम वणव्यात जळालेलं जंगल आहे, ती आग तर ही पाणवाट ओलांडून पलीकडं आली होती.

उतरताना लो गिअर, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, आणि दुपारच्या आत केबिनवर. वर वारा इतका होता की खाली गरम होत असूनही स्वेटर, कानटोप्या सगळं अंगावर होतं.

आता पुढच्या उन्हाळ्यात माझा भाऊ त्याच्या सासू-सासऱ्यांना घेऊन जायचं म्हणतोय, तो जुलैचा विचार करतोय. त्याला मी उंच्यांचा कागद, केबिनमालकांना विचारायचे प्रश्न आणि परमिटची तारीख पाठवलीये, जुलैचं परमिट १ जूनला सुटतं. विजांमुळे त्याला ट्रेल रिज सकाळीच उरकावा लागेल आणि एल्कचे आवाज मिळणार नाहीत, पण टुंड्रावर फुलं असतील. सासूबाईंना दम लागतो म्हणे, तर त्यांना वर न नेता स्प्रेग लेकलाच दोनदा न्यावं असं मी सुचवलंय, तो डॉक्टरांशी बोलून सांगणार आहे.